विरी पडली की वर बघणारा श्रोता

दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावून बसलो होतो. मुंबईच्या हॉस्पिटलात शुभाताईला भेटायला निघालो होतो, आणि खरं सांगायचं तर बोट उशिरा यावी असंच वाटत होतं. तिच्याजवळ एक गोष्ट कबूल करायची होती आणि धीर होत नव्हता. बोट आगरदांड्याहून परतताना दिसायला लागली, तेवढ्यात तिच्या मुलीचा, गौरीचा, फोन आला. "मामा, आई गेली..." मागचे हॉर्न वाजवत राहिले. मला गाडी चालू करायचंही सुचेना.

शुभाताई माझी आतेबहीण. तळा गावच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाली आणि दिवेआगरला आमच्या शेजारच्या वाडीत येऊन राहिली. वादळाने निम्म्या पोफळी आडव्या केल्या, तेव्हा सगळं गाव छपरासाठी पत्रे शोधत होतं, आणि ही बाई कुठून तरी जुना इलेक्ट्रिक पियानो घेऊन आली. मी तिला सरळ वेड्यात काढलं. गौरीने लॅपटॉपवर ठेका कसा बांधायचा ते शिकवलं आणि दोन वर्षांत ताईचा अल्बम तयार झाला. परदेशात नाचायला लावतात त्या हाउस संगीताचा ठेका, पण त्यावर तिचा पियानो असा संथ, स्वप्नात चालल्यासारखा. झाडावर चढणारा आमचा गंगाराम म्हणाला, "ताई, ह्यात गाना न्हाय, पन आयकताना बरा वाटतंय." मला विचारलं की मी म्हणायचो, "मला यातलं काय कळतंय!"

अल्बम इंटरनेटवर गेला आणि ताईची झोप उडाली. रोज सकाळी लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवायची. "तूच वाच. वाईट असेल तर हळू वाच." श्रोत्यांची मतं तरी किती, पाच-सहा. एकाला झोप येत होती. एकाने विचारलं होतं, पियानो छान, पण नाचायचं कधी? तिसऱ्याने मात्र तिला पार हलवून सोडलं. तिसऱ्या रचनेत मध्येच काहीतरी आपटतं, रेकॉर्डिंगमधली चूक दिसते, असं त्याने लिहिलं होतं. ती चूक नव्हती. ती विरी होती, पोफळीच्या झावळीच्या बुडाची रुंद, जड साल. ती उंचावरून धप्पकन पडते तो आवाज ताईने आठवडाभर वाडीत बसून पकडला होता आणि त्याच्यानंतर चार मात्रा काहीच ठेवलं नव्हतं. "काढून टाकू का रे?" दिवसातून दहा वेळा विचारायची. मला ते बघवेना.

मग मी उद्योग केला. खोटं नाव घेतलं, गाव लिस्बन टाकलं आणि इंग्रजीत लिहिलं, तो आवाज काढू नका, झाडावरून काही पडलं की माणूस थबकून वर बघतो, तसं त्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी तिला ते मराठीत करून वाचून दाखवलं. "शहाणा दिसतोय," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला उठली. त्यानंतर दर चार दिवसांनी, "लिस्बनवाल्याचं काही आलं का?" मग मी त्याच नावाने आणखी दोन मतं लिहिली. खरं तर तिसऱ्या रचनेपुढे मी कधी ऐकलंच नव्हतं. ती आजारी पडल्यावर मला भीती बसली, हिला कळलं तर? आणि नाही कळलं तर... ते तर जास्तच वाईट. भीतीपोटी मी अल्बमचं ते पान उघडणंच सोडलं.

तेराव्यानंतर गौरी म्हणाली, "मामा, त्या लिस्बनच्या माणसाला कळवायला हवं. आई त्याचं फार नाव काढायची." ती पान उघडत होती. मी म्हणालो, "गौरी, तो माणूस..." ती स्क्रीनकडेच बघत होती. माझ्या पहिल्या मताखाली ताईचं उत्तर होतं, हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशीचं, चक्क मराठीत. "मेल्या, विरी पडली की मान वर करतं ते वाडीतलंच माणूस. शहरातल्याला आधी तो आवाजच कळत नाही. आवाज ठेवला आहे. आता सगळं ऐक, आणि तुझ्या नावाने लिही. वाईट असलं तरी लिही." गौरीने हळूच लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, अगदी आईसारखा, आणि बाहेर गेली. मी रडलो. फार उशीर केला होता मी.

ताईच्या खोलीत पियानोवर अजून तिचा पंचा पांघरलेला आहे. काल दुपारी तिथे बसून मी अल्बम पहिल्यापासून लावला. तिसऱ्या रचनेत विरी पडली आणि माझी मान आपोआप वर गेली. वर नुसता पंखा होता. पुढच्या रचना मी पहिल्यांदाच ऐकल्या. मत लिहायच्या चौकोनात माझं खरं नाव घातलंय. पुढचं अजून सुचत नाही... वाचून दाखवायचं कुणाला?