कापसाकडचा गोल

आमच्या फुटबॉलमध्ये एका बाजूला गोल करायला सक्त बंदी होती. हे सांगितलं की माझी नातवंडं खो खो हसतात. हसू देत. त्यांना आयतं मैदान मिळालंय, त्यांना काय कळणार!

त्याचं असं झालं. सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी सहा-सात वर्षांची. आमच्या धुळ्याच्या शाळेत ड्रिलचे नवे सर आले. ते भुसावळला रेल्वेच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळलेले. शाळा भरायच्या आधी लहान मुलामुलींना शिकवतो म्हणाले. पण थंडी अशी, की पांझरा नदीकडून वारा सुटला की कानटोपीतही कान दुखायचे. "पोरं आजारी पडतील, उघड्यावर अजिबात नको," असं गल्लीतल्या सगळ्या आयांनी सरांना तोंडावर सुनावलं. मग सरांनी कापसाच्या वखारीचे सेठजी गाठले. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण सेठजी आमच्यापेक्षा फर्डी अहिराणी बोलायचे. वखारीच्या एका टोकाला पत्र्यापर्यंत कापसाचा ढीग होता, बाकीची मोकळी होती. ती मोकळी जागा त्यांनी सकाळपुरती दिली आणि ढिगाकडे बोट दाखवून बजावलं, "मास्तर, हाई लक्ष्मी शे. तिले पाय लागना नहीं पाहिजे, चेंडू बी नहीं. लागना, का बठ्ठा खेळ बंद!"

वखार लांबट. एक गोल दाराकडे ठेवला, तर दुसरा कापसाच्या पुढ्यातच येणार, त्याला इलाज नव्हता. सरांनी दोन्हीकडे दोन-दोन विटा मांडल्या आणि कापसाकडच्या विटांमध्ये मला उभं केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तू भांडखोर आहेस. तुझ्याजवळ कोणी फिरकणार नाही." मला हा अपमान वाटला नाही, उलट मी फुगलेच. पण घरी जाताना डोक्यात प्रकाश पडला. माझ्यावर एक जरी गोल झाला, तरी चेंडू थेट लक्ष्मीला लागणार आणि आमचा फुटबॉल कायमचा संपणार.

हे सगळ्यांनाच कळलेलं होतं. त्यामुळे समोरचा गडी चेंडू घेऊन धावत यायचा, माझ्या पुढ्यात आला की त्याचं अवसान गळायचं. एखाद्याने चुकून मारलाच, तर मारणाराच किंचाळत चेंडूच्या मागे धावायचा, आणि आम्ही दोघं मिळून त्यावर पालथे पडायचो. मी चिडून ओरडायचे, "मार ना रे, भित्र्या!" तो म्हणायचा, "मारू कसा? कापूसमा गया तं?" अर्थात माझी बाजू रोज जिंकायची. सरांनी गड्यांची कितीही अदलाबदल केली तरी कापसाकडचा संघ अजिंक्य, आणि मला वाटायचं, हे माझ्यामुळेच.

त्यात आम्हाला घरचं वळण. पाय लागला की लगेच हात लावून नमस्कार करायचा, मग ते पुस्तक असो की माणूस. पहिल्या दिवशी एकाने चेंडूला लाथ मारली आणि मागोमाग वाकून चेंडूच्याच पाया पडला. तोवर दुसऱ्याने चेंडू पळवला, मग तोही वाकला. कुणाचा पाय कुणाला लागला की दोघंही थांबून एकमेकांना नमस्कार! सर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले. "अरे, पायानेच खेळतात हा खेळ!" शेवटी त्यांनी तोडगा काढला. खेळताना नमस्कार करायचा नाही, सगळे शेवटी एकदम करायचे. मग खेळ संपला की चेंडू मध्ये ठेवून आमची अशी काही वाकावाकी चालायची, की डोक्यावर डोकी आपटायची. नाकात कापसाचे तंतू, शिंकांचा धडाका आणि पत्र्याखाली घुमणारं आमचं हसणं. इतकी खूश मी नंतर लग्नातही नव्हते.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी सेठजी अचानक बघायला आले. दारात जोडे काढून, शाल पांघरून, ढिगाशेजारी उभे राहिले. आमच्यात एक गोलमटोल मुलगा होता. तो एकदा धावायला लागला की त्याला थांबता यायचं नाही. नेमका तोच चेंडू घेऊन सुटला. "थांब! थांब!" सगळे ओरडले, त्याच्याच बाजूचे जास्त. त्याने धडकेसरशी चेंडू हाणला. मी उडी मारली ती भलत्याच बाजूला.

मी जमिनीवरून मान वळवून पाहिलं. चेंडू विटांमधून कापसाकडे निघाला होता. संपलं, उद्यापासून गोधडीत लोळायचं, एवढंच मनात आलं आणि रडूच फुटलं.

तेवढ्यात सेठजी पुढे सरसावले. एका हाताने धोतर सावरलं आणि अनवाणी पायाने चेंडूला असा काही टोला दिला, की त्यांची टोपी एकीकडे आणि शाल दुसरीकडे. चेंडू आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, दाराकडच्या विटांमधून पार झाला आणि थेट रस्त्यावर.

कापसाला काही लागलं नव्हतं, पण लागता लागता राहिलं होतं, आणि ते सेठजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते धापा टाकत होते. तोंड लालबुंद झालेलं. ते आपल्या पायाकडे बघत राहिले. सर काही बोलायला गेले, तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

"मास्तर, मना गोल व्हयना ना?"

"झाला! झाला!" मी डोळे पुसत ओरडले. मग सगळेच ओरडले, ज्यांच्यावर झाला तेसुद्धा.

सेठजींनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. दाराशी जाऊन जोड्यांत पाय सरकवले आणि मागे वळून सरांना विचारलं, "उद्या कितला वाजता?"