काकूंचं मत

जगात असं एकही यंत्र नसेल, ज्याच्या तब्येतीची करी रोडच्या आमच्या चाळीतल्या फिटरकाकांनी चौकशी केली नाही. संपात त्यांची मिल बंद पडली ती कायमचीच, पण काकांच्या कानातले माग काही थांबले नाहीत. माणसांचं बोलणं त्यांना तीनदा सांगावं लागे; यंत्राची कुरकुर मात्र भिंतीपलीकडून ऐकू येई. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ते अक्षता मुठीत तशाच ठेवून भटजींना सांगून आले, "वरच्या पंख्याचा बेअरिंग गेला हा." देवळातल्या विजेवरच्या नगाऱ्याला त्यांनी एकदा तेल घातलं, तेव्हापासून तो आरती संपली तरी थांबत नसे. पण रागावणार कोण? सगळं मायेपोटी चाललेलं.

खरा घोर त्यांना मतदानाच्या मशिनाचा. "वर्सानुवर्सां गोदामात पडान ऱ्हवता, आणि एका दिसात सगळी वस्ती त्याका बोटां घालता. मशिन झाला म्हणून काय झाला, दमताच." आम्ही हसत असू.

एका निवडणुकीला शाळेतल्या केंद्रावर काकू पडद्याआड जाऊन बटण दाबून आल्या. केंद्रावरच्या साहेबांनी पुढचं नाव पुकारलं, ते काकांचं. काका जागचे हलेनात.

"साहेब, हिचा मत वाजूक नाय."

"झालं हो मतदान. बाईंनी बटण दाबलं ना?"

"दाबल्यान, पण ता बसूक नाय. शिटी खंय वाजली? तुमच्या टेबलावरचो दिवो बघा, अजून लाल हा."

रांगेत मागे उभा असलेला मीसुद्धा म्हणालो, "काका, एका मतानं काय होतंय?" ते वळले नाहीत. शेवटी साहेबांनी वैतागून मशिनातला आकडा आणि वहीतली नावं ताडून पाहिली. मशिनात एक मत कमी होतं. साहेबांनी गुपचूप काकूंना पुन्हा आत पाठवलं. "जोरान दाब गो," काका बाहेरून म्हणाले. यावेळी शिटी वाजली.

सगळे मत देऊन बाहेर आल्यावर काकूंनी शांतपणे सांगितलं, की मत काकांच्या उमेदवाराच्या विरुद्ध दिलं आहे. मला हसू आवरेना. "काका, भांडून भांडून स्वतःचंच मत कापून घेतलंत की."

काका म्हणाले, "मिल बंद करताना हिका कोणी इचारूक नाय रे. हयसर इचारतत. मगे तिचा उत्तर पोचूक नको?"

इतकी वर्षं त्यांच्या वेडाला हसलो याची मला त्या दिवशी लाज वाटली. आता दोघंही नाहीत. मतदारयादीत त्यांची नावं अजून एकाखाली एक आहेत. ती काढून टाकण्याचा अर्ज मीच करायचा आहे, पण माझ्या हातून तो काही होत नाही.