सहा ट्युलिप

सायबेरियातल्या इर्कुत्स्कहून बैकाल सरोवर मिनीबसने सव्वा तासावर. कुठून कुठून माणसं ते पाहायला येतात, आणि तायसिया येगोरोव्नाने एकेचाळीस वर्षांत त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, "पाणीच तर आहे. नळालाही येतं."

परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या दाराशी, काचेच्या खोलीत, ती सतरा वर्षं बसत होती. चौसष्ट वर्षांची, अंगाने भरलेली, आवाज असा की चौथ्या मजल्यावरची खिडकी खालून ओरडून बंद करवायची. पोरं तिला तायामावशी म्हणत आणि घाबरूनही असत.

त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर सहा नवी पोरं आली होती. तीन व्हिएतनामची, दोन लाओसची, एक मंगोलियाची. आली होती रशियन भाषा शिकायला, पण शिकण्यापेक्षा भटकण्याचा उत्साह दांडगा. शनिवार-रविवार उजाडला की पाठीला पिशव्या लावून खाली हजर.

"टोपी कुठाय तुझी?" तायामावशी लाओसच्या सोमफोनला धरायची. "कान काय बर्फात पेरून येणार आहेस?"

"मावशी, आज थंडी कमी आहे."

"हो का! आलाय मोठा सायबेरियाचा! जा, टोपी घेऊन ये."

मग ती वहीत सहा नावं लिहायची. त्यापुढे जायची वेळ. परतायची जागा रिकामी. ती रिकामी जागा भरेपर्यंत तिच्या घशाखाली चहा उतरत नसे. ड्यूटी संपून दुसरी बाई खुर्चीत बसली तरी ही बाहेरच्या बाकावर बसून राहायची. "घरी कोण वाट पाहतंय माझी?" म्हणायची. ते खरंच होतं.

पोरं परतली की बिक फोन काढायची. बिक व्हिएतनामची, बुटकी आणि भारी बडबडी. तिथल्या बुर्यात लोकांचं सोनेरी छपराचं मंदिर, खिळ्याशिवाय उभं केलेलं लाकडी चर्च, डोंगर पोखरून नेलेली जुनी रेल्वे. तायामावशी तोंडावर हात ठेवून पाहत राहायची. "अगं बाई! हे आपल्याकडे आहे?" आपल्याच मुलखाचं तिला इतकं नवल वाटे की पोरांना हसू आवरत नसे. फक्त बैकालचे फोटो आले की तिला एकदम किल्ल्या मोजायच्या असत. मान वळवून ती खिळ्यावरच्या किल्ल्या मोजू लागे, आणि बिक बिचारी फोन खिशात टाके.

बैकालमध्ये तिचा भाऊ होता. सेन्या, एकेचाळीस वर्षांपूर्वी वीस वर्षांचा, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. मासेमारीच्या बाता मारण्यात पटाईत. एप्रिलच्या शेवटी, तिच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, हिने त्याला डिवचलं होतं : "एवढा मोठा मासेमार ना तू, मग उद्या ताटात ओमुल मासा दाखव बघू." तो पहाटेच मोटरसायकल घेऊन बर्फावर गेला. एप्रिल अखेरीचा बर्फ वरून धड दिसतो आणि आतून कुजलेला असतो, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. मोटरसायकल सापडली नाही, सेन्याही नाही. आईवडिलांच्या थडग्यावर ती दरवर्षी फुलं ठेवायची. सेन्याची फुलं ठेवायला जागाच नव्हती. आपण त्याला त्या काळ्या पाण्यात धाडलं, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आठ मार्च, महिलादिन, रविवारी आला. सकाळी नऊला तिची चोवीस तासांची पाळी संपली. ती कोट चढवत होती तेवढ्यात सहाही पोरं जिन्यावरून धडधडत उतरली. बिकच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले लाल ट्युलिप होते.

"मावशी, सणाच्या शुभेच्छा! प्रत्येकाकडून एकेक."

रशियन माणूस फुलं आधी मोजतो, मग हुंगतो. जिवंत माणसाला तीन, पाच, सात द्यायची. दोन, चार, सहा ही मेलेल्याची. सवयीने तायामावशीची नजर फिरली आणि सहावर थांबली.

तिचा चेहरा उतरला. इथल्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच करायला तिचा हात पुढे झाला : एक फूल काढून वेगळ्या ग्लासात ठेवायचं, हसायचं, विषय संपला. फुलाच्या देठापर्यंत गेलेला हात तिथेच राहिला.

"काय झालं, मावशी? रंग आवडला नाही?" बिकने विचारलं.

"आज कुठे चाललात?"

"लिस्तव्यांकाला, बैकालच्या काठावर. तिथून बर्फावर."

तायामावशीने वही ओढली. पोरांची सहा नावं लिहिली आणि त्यांखाली सातवं, स्वतःचं. "मी येतेय," ती म्हणाली. "असे बघताय काय माठासारखे? बसा आधी. प्रवासाला निघताना बसायचं असतं." सगळी पोरं मुकाट्याने बाकावर मिनिटभर बसली, कोणी हसलं नाही.

मिनीबसमध्ये फुलं तिच्या कोटाच्या आत होती.

किनाऱ्यावर तिचे पाय अडले. समोर बर्फ पार पलीकडच्या डोंगरांपर्यंत पसरला होता. पोरं कधीच आत उतरली होती. बिक मागे फिरली आणि हात पुढे करून उभी राहिली.

"मावशी, पाय उचलू नका. सरकवत या."

"माझं वजन पाहिलंस का गं?"

जवळच बर्फातल्या भोकाशी गळ टाकून बसलेला एक म्हातारा हसला. "बाई, कालच इथून ट्रक गेला. तुम्ही काही ट्रकपेक्षा जड नाही."

"तुम्ही आपले मासे बघा!" तायामावशी खेकसली, आणि त्या रागाच्या भरातच तिने पाऊल टाकलं.

वीसेक पावलांवर लांबून आवाज आला. ढग गडगडल्यासारखा, पण पायांखालून. तो त्यांच्या खालून धावत निघून गेला. तायामावशीने बिकचा दंड असा आवळला की पोरगी कळवळली.

"बर्फ असा बोलतो, मावशी. आम्हीपण पहिल्यांदा पळालो होतो."

मग तायामावशीने पहिल्यांदा खाली पाहिलं. वाऱ्याने बर्फावरचं भुसभुशीत हिम झाडून नेलं होतं. खाली काचेसारखा बर्फ होता, हात-दीड हात जाड. त्यात पांढऱ्या भेगा उभ्या खाली उतरल्या होत्या, खिडकीला पडदे लावावेत तशा. बुडबुडे एकावर एक गोठले होते, ताटल्यांची चळत रचावी तसे. ती गुडघ्यांवर बसली, मग हातमोज्याने पुसून चक्क पालथी झाली आणि दोन्ही हातांचा आडोसा करून आत पाहू लागली. बर्फाखाली पाणी होतं, हिरवं आणि नितळ. त्याखाली गोटे दिसत होते, एकेक सुटा मोजता यावा इतके स्पष्ट. ऊन बर्फातून उतरून तळापर्यंत पोचलं होतं आणि त्या उन्हात एक बारका मासा निवांत उभा होता. तिला श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही. असं काही या जगात असतं, आणि ते आपल्या दारापासून सव्वा तासावर असतं, यावर तिचा विश्वास बसेना. तिला भीती वाटत होती आणि उठावंसंही वाटत नव्हतं.

"मावशी, गार लागेल," सोमफोन म्हणाला. "टोपी नीट घाला."

ती उठून बसली तेव्हा तिचे गाल ओले होते. कोटातून तिने फुलं काढली, कागद सोडवला आणि सहाही ट्युलिप बर्फावर ठेवले. लाल रंग त्या काळसर काचेवर झगझगीत उठून दिसला. मग तिने पोरांना सेन्याची गोष्ट सांगितली, ओमुल माशाची, आपण त्याला कसं डिवचलं त्याची. सहा फुलं कोणाला देतात तेही सांगितलं.

बिकचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे आम्ही तुम्हाला मेलेल्या माणसाची..."

"गप, वेडे. ज्याची होती त्याला पोचली." तायामावशीने तिला ओढून कुशीत घेतलं. मग पुन्हा खाली पाहून, पोरांना नव्हे, दुसऱ्याच कोणाला सांगावं तशी म्हणाली, "सेन्या, खाली उजेड आहे की रे! आणि मी मेली एकेचाळीस वर्षं तुला अंधारात समजत होते."

परतताना मिनीबसमध्ये पोरं पेंगायला लागली. तायामावशी ताठ बसली होती. थोड्या वेळाने तिने बिकला कोपराने ढोसलं.

"झोपतेस काय? फोन काढ. ते बैकालचे सगळे फोटो दाखव, अगदी पहिल्यापासून."