नारळाखालचा कागद

"कागद दाखवा ना मॅडम. करार झालाय म्हणता, तर कागद कुठाय?"

सावंत माझ्या घाटकोपरच्या ऑफिसात, माझाच चहा पीत मला विचारत होता. शेजारी माझा अशील प्रकाश परब मान खाली घालून बसला होता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चोर तो चोर, वर शिरजोर!

प्रकरण साधं होतं. परब भांडुपचा. तीस वर्षं एका कंपनीच्या टूल रूममध्ये फिटर. बायकोला, सुनीताला, पॅरालिसिसचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. तिला स्वतःच्या हाताने जेवता यावं म्हणून ह्या माणसाने चमच्याला बसवायची प्लास्टिकची मूठ तयार केली. तिच्या पंजाची मापं घेऊन, रविवार-रविवार बसून, दोन वर्षांत तिची डाय बनवली. डाय म्हणजे पोलादी साचा. त्यात प्लास्टिक ओतलं की मूठ तयार.

एका हॉस्पिटलने पाच हजार मुठींची ऑर्डर दिली. परबकडे मशीन नव्हतं, म्हणून त्याने डाय साकीनाक्याला सावंतच्या गाळ्यात नेऊन ठेवली. सावंत त्याच्याच गावचा. पहिला लॉट नीट निघाला. मग परबच्या कानावर आलं की त्याच मुठी घाऊक बाजारात विकल्या जातायत. सावंत दुसऱ्या एका व्यापाऱ्यासाठी रात्रंदिवस माल काढत होता. डाय परत मागितली, तर म्हणाला, "कसली तुझी? माझ्या गाळ्यात आहे, माझी आहे."

मी नोटीस धाडली, तेव्हा हा स्वतःच चालत आला.

"लोखंडाच्या भावाने पैसे देतो मॅडम," कप खाली ठेवत सावंत म्हणाला. "गाववाले आहोत. विषय संपवा."

"लोखंडाच्या भावाने? दोन वर्षं त्याने भंगार गोळा केलं काय? उठा. आता कोर्टातच भेटू."

तो हसत गेला. मग मी परबकडे वळले.

"टूल रूममध्ये एक सूत इकडचं तिकडे चालत नाही ना तुम्हाला? आणि आयुष्याची मेहनत दुसऱ्याच्या ताब्यात देताना साधी चिठ्ठी नाही घेतलीत?"

"मॅडम, गाववाल्याकडे कागद कसा मागायचा? अपमान होतो त्याचा."

"आणि आता तुमचा काय सत्कार चाललाय?"

बोलून गेले आणि वाईट वाटलं. पण चीड येतेच हो. महिन्याला असा एक तरी येतो माझ्याकडे.

इथे थोडा कायदा सांगते. करार व्हायला कागद लागतो, हा गैरसमज आहे. एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो मान्य केला आणि दोघांच्या पदरात काहीतरी पडणार असेल, तर बहुतेक व्यवहारांत तोंडी करारही पक्का. इथे परबला मुठी मिळणार होत्या, सावंतला प्रत्येक नगामागे मजुरी. करार होताच. अडचण एकच, तो सिद्ध कसा करायचा?

"ठरलं तेव्हा नेमकं काय बोललात? शब्दन् शब्द सांगा."

"आम्ही नाय बोललो. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं."

आप्पा म्हणजे परबचे चुलते. कोकणात नवं काम सुरू करताना देवापुढे नारळ ठेवतात आणि घरातला जाणता माणूस मोठ्याने देवाला सगळं सांगतो. ते गाऱ्हाणं. जमलेले लोक प्रत्येक वाक्याला होकार देतात.

"कोण कोण होतं तिथे?"

"घरचेच. रुपालीने मोबाइलवर शूटिंग केलं, गावच्या ग्रुपवर टाकायला."

"अहो परब, मग हे आज सांगताय?"

"तुम्ही कागद विचारलात ना मॅडम."

कपाळावर हात मारला मी. मग परबच्या मुलीकडून, रुपालीकडून, व्हिडिओ मागवला. आप्पांचा आवाज खणखणीत होता. "बा देवा म्हाराजा, परकाशान ही डाय केल्यान, ती आज सावंताच्या गाळ्यात ठेवल्यान हा. तिच्यावर दुसऱ्या कोणाचो माल काढूचो नाय. परकाश मागात तेव्हा ती परत देवची. ह्यात जो कोण खोट करीत, तेका तू बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सावंतचा. नारळावर हात ठेवून.

करार मोडला की साधारण उपाय म्हणजे नुकसानभरपाई. पण पैशाने न मिळणारी वस्तू असेल, तर कोर्ट तीच वस्तू परत द्यायला सांगू शकतं. शिवाय चुकीचं काम थांबवायला मनाई हुकूमही देतं. मी तिन्ही गोष्टी मागितल्या. व्हिडिओ रुपालीच्या मोबाइलवरच काढल्याचं सर्टिफिकेटही जोडलं, कारण त्याशिवाय व्हिडिओ पुरावा म्हणून टिकत नाही.

सावंतने उत्तरात शपथेवर लिहून दिलं की असं काही ठरलंच नव्हतं. कोर्टात व्हिडिओ लागला, तेव्हा त्याचा वकील घाईघाईने उठला.

"साहेब, ही प्रार्थना आहे. करार नव्हे."

"प्रार्थनेत परत द्यायची अट कशी आली?" जजसाहेबांनी विचारलं. मग सावंतकडे बघितलं. "आवाज तुमचाच ना?"

सावंतची पाचावर धारण बसली. कागदावर बिनदिक्कत खोटं लिहिणारा माणूस, पण देवापुढच्या नारळावर ठेवलेला स्वतःचा हात समोर दिसत असताना "तो मी नव्हेच" म्हणायला त्याची जीभ उचलेना. त्या दिवशी हुकूम झाला. डाय परबला परत, आणि त्या मुठींचं उत्पादन बंद.

पेढे वाटायचे? थांबा. ह्या सगळ्यात सात महिने गेले होते. हॉस्पिटलने वाट बघून ऑर्डर रद्द केली आणि बाजारातल्या स्वस्त मुठी घेतल्या. म्हणजे परबच्याच डायमधून निघालेल्या! हे कळलं तेव्हा मी टेबलावर फाइल आपटली. भरपाईचा दावा अजून चालू आहे, आणि तारखा पडतायत.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. भांडुपमध्येच दुसरा गाळेवाला मिळाला होता, तोही गाववाला. मी दोन पानी करार टाइप करून परबच्या घरी गेले. सुनीताबाई मूठ बसवलेल्या चमच्याने पोहे खात होत्या. मलाही बशी पुढे केली. देवापुढे पाट मांडला होता. मी करार पाटावर ठेवला, परबने त्यावर नारळ ठेवला. नवा गाळेवाला जरा अवघडला.

देवाला साक्षीला जरूर बोलवा. मात्र तारखेला कोर्टात कागदच हजर राहतो, हे वीस वर्षांच्या वकिलीत शिकले.

आप्पांनी घसा साफ केला. "घालू काय गो बाये गाऱ्हाणा?"

"थांबा आप्पा," मी नारळ उचलून पेन पुढे केलं. "आधी सह्या."