नक्कल केल्याची कबुली

ते प्रकरण आजही मनातून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीची म्हैस ओळख पटवण्यासाठी ठाण्याच्या आवारात दिवसभर बांधून ठेवली. त्यातले बहुतेक आता विसरलो. लक्षात राहिले ते असे प्रकरण, ज्यात कोणी मेले नाही आणि कोणाचे नेमके काय चोरीला गेले हेही शेवटपर्यंत ठरले नाही.

तेव्हा मी नागपुरातल्या एका ठाण्यात दुसरा निरीक्षक होतो. धंतोलीचा बराच भाग आमच्या हद्दीत होता. अख्खा विदर्भ बरा व्हायला धंतोलीत येतो आणि सोबत आलेले नातेवाईक वाट पाहून आजारी पडतात. त्या दवाखान्यांच्या गल्लीत एकाचे टीव्ही, इन्व्हर्टर दुरुस्तीचे एका शटरचे दुकान होते. माणूस मूळचा नागपूरजवळच्या खाप्याचा, चाळिशीकडे झुकलेला. दुरुस्तीच्या जोडीला तो आणखी एक धंदा करी. हातात मावणारे व्हिडिओ गेमचे संच त्याने स्वतः तयार केले होते आणि दवाखान्यात भरती झालेल्या पोरांना ते तो दिवसाच्या भाड्याने देई. सलाईन लावलेले पोर गेम खेळत निजून राही, आई-बापाला जरा उसंत मिळे. आमच्याकडे त्याच्याविरुद्ध कधी साधा अर्जही आला नव्हता.

खबर आली ती दिल्लीहून, आणि कोट घालून आली. परदेशी गेम कंपन्यांच्या वतीने बनावट माल पकडणाऱ्या एका एजन्सीचे हे प्रतिनिधी. सोनेरी अक्षरांच्या कार्डावर त्यांचे पद इतके लांब होते की नाव मागच्या बाजूला छापावे लागले होते. आपले काका अतिदक्षता विभागात आहेत असे सांगून त्यांनी त्या दुकानातून एक संच भाड्याने नेला होता. त्या काकांचे पुढे काय झाले, याचा फिर्यादीत उल्लेख नाही. प्रतिनिधी ठाण्यात आले नाहीत. सोनेरी अक्षरांची माणसे थेट वरिष्ठांच्या दालनात जातात.

वरिष्ठांच्या विशेष पथकाने दुपारी छापा घातला. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती, 'गेम माफिया जेरबंद'. छायाचित्रात टेबलावर संच मांडलेले, मध्ये तोंडावर काळा कपडा टाकलेला दुकानदार आणि मागे पथक. पथक इतके मोठे होते की प्रत्येकाच्या वाट्याला एक संचही आला नसता. फोटो काढून झाले की तपास ठाण्याकडे येतो, ही आपल्याकडची जुनी रीत. आरोपी, मुद्देमाल आणि कागद माझ्याकडे आले.

माझ्या मदतीला एक फौजदार होता, सांगलीकडचा, नव्यानेच बदलून आलेला. हुशार, पण घाईचा. त्याने दुकानदाराला समोर बसवले.

"बोल, काय काय चोरलंस?"

"काईच नाई चोरलं, सायेब."

"मग ह्या मशिनी कुठनं आल्या?"

"ते म्या नक्कल केली हाय."

"कशाची?"

"पुऱ्या मशीनची. दोन-तीन साल लागले. पह्यले आवाज फाटून राह्यला होता, मंग तोबी जमला." हे सांगताना तो खुर्चीत ताठ झाला.

फौजदाराने माझ्याकडे पाहिले. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, सर." आणि त्याने लिहिले, 'आरोपीने नक्कल केल्याची कबुली दिली.'

मी चहा सांगितला. कबुली देणारी माणसे मी खूप पाहिली होती. कोणी रडत देतो, कोणी शिव्या देत, कोणी आधी वकिलाला फोन करू द्या म्हणतो. कबुली देताना खूश होणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. असा माणूस एक तर वेडा असतो किंवा आपण त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो.

"नक्कल केली म्हणजे काय केलं, ते मला समजावून सांग," मी म्हणालो.

"सायेब, गणपतीत नकला करनारा येते नं? पुढाऱ्याचा आवाज काढते. म्हनून काय त्यानं पुढारी घरात कोंडून ठेवला रायते? ते जुनी मशीन कंपनी आता बनवतच नाई. तं म्या कॉम्प्युटरले शिकवलं, का बाबू, तू तिच्यावानी वाग."

"आणि तहसीलमधनं आम्ही सातबाऱ्याची नक्कल काढतो, ती?" फौजदाराने विचारले.

"ते झेरॉक्स होय, सायेब. ते नक्कल येगळी, हे नक्कल येगळी."

फौजदाराने पेन खाली ठेवले. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये तो माणूस अडकला होता, आणि लिहिणाऱ्याने त्याच्या गैरसोयीचा अर्थ उचलला होता. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या शिपायालाही ठाऊक असते. पण ती पेपरात जाते, वरिष्ठांच्या अहवालात जाते आणि तिथून काढायला कोणतेही न्यायालय येत नाही.

मी पंचांसमोर एक संच सुरू करून दाखवायला सांगितला. पडदा काळा झाला आणि मराठीत दोन शब्द आले, 'गेम टाका'. मशीन होते, खेळ नव्हता. भाड्याच्या संचांत जे खेळ तो घालून देई, ते हौशी लोकांनी तयार करून फुकट वाटलेले होते, काही त्याचे स्वतःचे होते. एकात ऑटोरिक्षा खड्डे चुकवत धावत होती. पंचांपैकी एक जण ती चालवायला लागला आणि त्याला थांबवावे लागले.

मग त्याने आपल्या काळजीचे खरे कारण सांगितले.

"सायेब, माह्यी नोकरी लागली हाय. सरकारी. तंत्रज्ञ म्हनून निवड झाली, कागदपत्रं तपासून झाले, आता पोलीस पडताळणीच बाकी हाय. वयात बसनारी हे शेवटचीच भरती होती. जमानतीचं नाई म्हनत मी. हे गुन्ह्याचं लवकर पुसल्या जाईन काय?"

पुसले जाईल असे मी म्हणालो नाही. पाहतो म्हणालो. जामीन त्याला झाला, आणि मी कायदा काढून बसलो. तोवर कॉपीराइटचा कायदा मला फक्त जप्तीच्या कलमापुरता माहीत होता. सरकारी वकिलांना जाऊन भेटलो. शांत माणूस, बोलताना समोरच्याकडे न पाहता फायलीकडे पाहणारा.

"यंत्रासारखं वागणारी आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, स्वतः लिहिली असेल तर तो गुन्हा नाही," ते म्हणाले. "कंपनीची आज्ञावली उचलून आत घातली असेल तर आहे. आणि खेळाच्या प्रती हा तिसराच विषय. त्या सापडल्या का?"

सापडल्या. त्याच्या दुकानातल्या संगणकाची तपासणी झाली. यंत्राची आज्ञावली त्याची स्वतःची निघाली, पण एका कोपऱ्यात त्या कंपनीचे मोजके जुने खेळ होते, इंटरनेटवरून उतरवलेले. भाड्याच्या एकाही संचात ते नव्हते. मी त्याला बोलावले. आता तो खुर्चीत ताठ बसला नाही.

"तपासून पाहाले लागते नं, सायेब. मशीन बरोबर चालून राह्यली का नाई, हे जुना गेम लावल्याबिगर कसं समजन? पन गेमची कॅसेट हाय माह्याजवळ. खाप्याले, घरी. बाबांनं घेऊन देल्ली होती लहानपनी. ओरिजनल. आता चालत नाई, म्हनून डाउनलोड केले. त्याच कॅसेटीतले गेम हायेत, दुसरे नाई."

मी पुन्हा वकिलांकडे गेलो. त्यांनी प्रथमच फायलीतून मान वर केली. "मालकाने आपल्या वस्तूची जपणुकीसाठी प्रत काढली तर कायदा सूट देतो. परक्याने काढलेली प्रत उतरवून घेतली तर ती सूट लागते का, हे वादाचं आहे. पण कॅसेट खरी असेल, तर या माणसावर खटला चालवण्यात अर्थ नाही असं मी लेखी देईन. आधी कॅसेट आणा."

म्हणजे त्याची नोकरी आता त्या कॅसेटवर येऊन ठेपली होती.

दुकानदाराला घेऊन आम्ही खाप्याला गेलो. दिल्लीचे प्रतिनिधी माल ओळखण्यासाठी सोबत होते, कोटासह. घर विणकराचे. म्हातारे वडील दारातच उभे होते. त्यांनी आयुष्यभर हातमागावर लुगडी विणली होती. पोलीस कॅसेट न्यायला आले आहेत म्हणजे मुलगा सुटणार, एवढे त्यांना कळले होते. लोखंडी कपाटातून त्यांनी स्वतः ती काढली. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, पिवळसर पडलेली, वर रंगीत चित्र.

"पाहा सायेब," ते म्हणाले, "नागपूरले बर्डीच्या बाजारातून आनली होती. पोरगा पास झाला तवा. दुकानदाराले म्या दोनदा इचारलं, असली हाय ना गा? तो म्हने, बाबाजी, ओरिजनल हाय, आँख मूँद के ले जाओ."

प्रतिनिधींनी कॅसेट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. कंपनीच्या नावात एक अक्षर चुकले होते. तेवढ्यावर त्यांचे काम झाले.

"ये भी डुप्लिकेट है," ते म्हणाले.

"काय म्हनते हे?" वडिलांनी मुलाला विचारले.

मुलाने कॅसेट घेतली आणि तो ते चुकलेले अक्षर पाहत राहिला. लहानपणापासून त्याने ते नाव तसेच वाचले होते. त्याच्या वयाच्या कोणत्याही पोराने नागपुरात ते वेगळे वाचले नसेल. माझ्या मुलीसाठी मीही बर्डीवरूनच असा संच आणला होता. पोलीस म्हणून भाव कमी करून घेतला होता, बनावट आहे का हे विचारायचे सुचलेही नव्हते.

"हम क्या झूठ बोल रहे हैं?" वडील आता प्रतिनिधींशी हिंदीत बोलू लागले. "मैंने असलीच ली थी."

"बाबूजी, उस ज़माने में यहाँ असली आता ही नहीं था."

मी त्यांना विचारले, "म्हणजे तेव्हा यांना खरी घ्यायची असती तर कुठे मिळाली असती?"

"नहीं मिलती थी."

"आणि आज?"

"अब तो बनती नहीं."

"मग कंपनीचं नुकसान किती झालं?"

"वो लीगल टीम बताएगी, सर."

पंचनामा करावा लागला. 'एक जुनी कॅसेट, बनावट' असे लिहून वडिलांची सही घ्यायची होती. त्यांनी ओळ वाचली आणि 'बनावट' या शब्दावर बोट ठेवले. "हे नाई लिवा," म्हणाले. मुलगाच शेवटी म्हणाला, "करा बाबा सही. काहून थांबवता सायबाले?"

परत येताना गाडीत प्रतिनिधींनी विचारले की नागपूरचा झणझणीत सावजी रस्सा कुठे चांगला मिळतो. फौजदाराने त्यांना असे दुकान सांगितले, जिथला रस्सा प्यायलेला परका माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जात नाही. मी त्याला टोकले नाही.

दोषारोपपत्रातून मी यंत्राची नक्कल हा भाग काढून टाकला. वरिष्ठ नाराज झाले. "पेपरात माफिया आलंय आणि तुम्ही त्याचा विद्यार्थी करून टाकला," म्हणाले. पण उतरवलेल्या खेळांचे मला काही करता येईना. खरी कॅसेट नव्हती, म्हणून सूट नव्हती. त्यावर न्यायालयानेच बोलायचे होते.

न्यायालय बोलेपर्यंत भरती थांबत नाही. पडताळणीची विचारणा आली तेव्हा मी गुन्ह्याचे स्वरूप सविस्तर लिहून पाठवले. आरोपीने विक्री केली नाही, पूर्वीचा गुन्हा नाही, सगळे लिहिले. पण पडताळणीला वर्णन लागत नाही. गुन्हा आहे की नाही, एवढेच लागते. तो होता. प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार रुजू झाला. त्या उमेदवाराचा यात काही दोष नव्हता.

खटला काही वर्षे चालला. चालला म्हणजे तारखा पडल्या. एजन्सीचा कंपनीशी असलेला करार मध्येच संपला. प्रतिनिधींना काढलेले समन्स 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत येऊ लागले. मी निवृत्तीनंतर साक्षीला गेलो. पुढे फिर्यादीच हजर नाही म्हणून पुराव्याअभावी तो सुटला. निकालाच्या दिवशी मी दुसऱ्या एका प्रकरणाच्या साक्षीसाठी कोर्टात होतो. व्हरांड्यात त्याची गाठ पडली. केस पिकले होते. धंतोलीचे दुकान त्याने केव्हाच सोडले होते. आता तो खाप्याला फॅन आणि मिक्सर दुरुस्त करी.

"सुटलास. बरं झालं," मी म्हणालो.

"सायेब, एक इचारू? मी ते गेम उतरवले ते बरोबर होतं का चूक होतं?"

"त्याबद्दल कोर्टाने काही म्हटलेलं नाही."

"काईच नाई?"

"फिर्यादी आला नाही. तिथपर्यंत गोष्ट गेलीच नाही."

त्याने अगदी साधेपणाने विचारले, रागाने नव्हे, "मंग येवढे साल चालू काय होतं, सायेब?"

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले आणि उत्तर येईपर्यंत थांबलो. तोही थांबला, त्याच्या परीने पुरेसा. मग माझ्या पाया पडून जिना उतरून गेला.

या प्रकरणाने मला शिकवले ते पोलीस प्रशिक्षणात शिकवत नाहीत. माणसाने उच्चारलेला शब्द लिहून घेण्याआधी तो त्याला कोणत्या अर्थाने म्हणतो आहे हे विचारावे, हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग असा, की शंकेचा फायदा आरोपीला मिळतो असे आपण अभिमानाने सांगतो. तो मिळेपर्यंतचा शंकेचा तोटाही आरोपीनेच सोसायचा असतो. तो भरून कोणी द्यायचा, याचे कलम मी शोधले. अजून सापडलेले नाही.