चौथ्या मशीनची पात

मंडळी, आज लई भारी झालं, सांगितल्याशिवाय राहवत न्हाई!

मी नायगावात घरूनच मेनफ्रेमचं, म्हणजे ऑफिसच्या मोठाल्या कॉम्प्युटरांचं, काम करते. आज हजारो फायली चार मशिनींवर सारख्या वाटून एकाच वेळी चालवायच्या होत्या. जमलं नसतं तर साहेब परत सगळं एकाच मशीनवर चालवायला लावणार होते.

तीन मशिनी झटकन मोकळ्या झाल्या, चौथी रखडली. मी वैतागून म्हटलं, "ही लई आळशी हाय!"

शेजारी शेंगा फोडत बसलेल्या आईनं विचारलं, "तिच्याच पातीला गवत जास्त न्हाई ना?"

पात म्हणजे खुरपताना प्रत्येकीनं धरलेली ओळ. बघितलं, तर सगळ्या जड फायली चौथीच्याच वाट्याला!

आई म्हणाली, "आम्ही पाती आधीच वाटून देत न्हाई. जिची सरली, तिनं पुढची धरायची."

तसंच केलं. सगळ्या फायली एका रांगेत लावल्या, मोकळ्या मशीननं पुढची उचलायची. चहाच्या आधी चारी मशिनी जवळजवळ एकदमच मोकळ्या! मी तर घरभर नाचले!

फक्त एक खुपतंय. सकाळपासून मी त्या चौथीला शिव्या घातल्या, तिची पात न बघता.

तुमच्या ऑफिसात आळशी म्हणून कुणाचं नाव झालंय? त्याची पात कुणी बघितली का?