नाशिक फाट्याला उतरलात, पुढं?

ओव्हाळ मॅडम गेल्याची बातमी आली तेव्हा मी बालाजीच्या उशाशी बसले होते. बालाजी माझा कोणी लागत नाही. लातूरकडचा, भोसरीत खोली घेऊन राहणारा, तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये मशीन चालवणारा तिशीतला माणूस. त्याच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन चाललं होतं आणि त्याला भूल मी दिली होती. आमचे टेक्निशियन शिंदेमामा ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले. एरवी त्यांचं तोंड बंद म्हणून नसतं. "काय झालं मामा?" मी विचारलं. "मॅडम गेल्या," ते म्हणाले. "पहाटे... झोपेतच." मी मॉनिटरकडे पाहत राहिले. भूलतज्ज्ञाला मधेच उठून जाता येत नाही. झोपवलेला माणूस स्वतःच्या श्वासावर परत येईपर्यंत आमची जागा त्याच्या डोक्याशी, ही शिस्त आम्हा सगळ्यांना मॅडमनीच लावलेली. म्हणजे त्यांच्याच शिस्तीमुळे मला त्यांच्यासाठी रडायलाही बाहेर जाता येत नव्हतं. हे कळलं असतं तर त्या पोट धरून हसल्या असत्या, असं मनात आलं आणि मास्कच्या आत मलाच हसू फुटलं. समोरच्या सर्जनना वाटलं, मला ठसका लागला.

पिंपरीतल्या आमच्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलात भूलशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून डॉ. कुसुम ओव्हाळ किती वर्षं होत्या, हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. आम्ही आलो तेव्हा त्या होत्याच. बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला वॉर्डबॉय सरळ चालायला लागायचा. पण पेशंटशी बोलताना तोच आवाज शेजारणीचा व्हायचा. बाकी ठिकाणी भूल देताना पेशंटला उलटे आकडे मोजायला लावतात. मॅडमना ते मान्य नव्हतं. "आकडे काय, कुणाचेच नसतात," त्या म्हणायच्या. त्या पेशंटच्या कानाशी वाकून विचारायच्या, "घरून इथं कसे आलात?" मग तो सांगू लागे. अमक्या चौकापर्यंत चालत, तिथून बस, मग शेअर रिक्षा... आणि बोलता बोलता मधल्याच कुठल्यातरी स्टॉपवर झोपी जाई. तो स्टॉप मॅडम लक्षात ठेवायच्या. ऑपरेशन संपलं, माणूस डोळे किलकिले करू लागला की पुन्हा कानाशी वाकायच्या, "नाशिक फाट्याला उतरलात. पुढं?" आणि काय नवल, बहुतेक माणसं तिथूनच पुढचा रस्ता सांगू लागायची. "जिथून उचलला तिथंच आणून ठेवायचा माणूस," त्या आम्हाला सांगायच्या. "आपलं काम तेवढंच. पण ते चोख पाहिजे."

पहिल्या दिवशी हाच प्रश्न त्यांनी आम्हा नव्या रेसिडेंट डॉक्टरांना विचारला. "इथं कशी आलीस गं?" मी परीक्षा, रँक, प्रवेशाच्या फेऱ्या असं सगळं धडाधड सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते झालं सरकारचं. तू आज सकाळी घरातून निघून कशी आलीस?" मग मी सांगितलं, चाकणच्या पलीकडच्या आमच्या गावातून भावाच्या मोटारसायकलवर चौकापर्यंत, तिथून बस, आणि मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकून घामाघूम. "हं, आता कळलं कोण आहेस ते," म्हणाल्या आणि पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. आमच्या बॅचमध्ये स्वखुशीने या शाखेत आलेलं कोणी नव्हतं. रत्नागिरीच्या मुलाला हाडांचा डॉक्टर व्हायचं होतं. बीडच्या मुलीला त्वचारोग हवा होता, कारण त्यात रात्रपाळी नसते. हे कळल्यावर मॅडम खूश झाल्या. "बरं झालं. मलासुद्धा इथं कुणी अक्षता देऊन बोलावलं नव्हतं."

त्या स्वतः इकडे कशा वळल्या, याचं कारण मात्र त्यांनी प्रत्येक बॅचला वेगळं सांगितलं. एकांना सांगितलं, प्रवेशाच्या दिवशी बस चुकली, पोचेपर्यंत बाकीच्या शाखांच्या जागा संपल्या होत्या. दुसऱ्यांना सांगितलं, उभं राहून पाय दुखतात. आम्हाला म्हणाल्या, "पेशंटच्या गळ्याशी तो हिरवा पडदा लावतात ना, त्याच्या अलीकडून सर्जनचं तोंड दिसत नाही, म्हणून." खरं काय ते त्यांनाच ठाऊक. बाकीचा प्रवास तेवढा आम्हाला माहीत होता. भोसरीत दोन खोल्यांचं घर, वडील एका वर्कशॉपमध्ये लेथवर, शाळा नगरपालिकेची. वडिलांचा डबा पोचवायला गेलं की दाराबाहेरूनच ही मुलगी सांगायची, आज कुठलं मशीन कुरकुरतंय. मुलगी भूलतज्ज्ञ होणार म्हणजे बसून काम करणार, एवढंच वडिलांना समजलं. त्यांनी शिल्लक पाइप आणि पत्र्यातून तिच्यासाठी एक स्टूल केलं आणि त्याला मशीनला देतात तो हिरवा रंग दिला. "सर्जन उभा ऱ्हातो तर ऱ्हाऊ दे," म्हणाले, "तुला बूड टेकायला धड काही नको का?" ते स्टूल मुलीच्या उंचीच्या मापाने केलेलं, त्यामुळे त्यावर बसलं की तोंड बरोबर पेशंटच्या कानाशी येतं. धुऊन पुसून त्याचा रंग पार उडाला, पण ओटीतून ते कधी हललं नाही.

कान तर त्यांचे जन्मजातच तयार होते. आमचा मॉनिटर प्रत्येक ठोक्याला टुकटुक करतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला की तो सूरही उतरतो. ओटीत गाणी लावायला मॅडमची हरकत नसायची, उलट फर्माईश त्यांचीच असायची. अट एकच, गाण्याच्या वर टुकटुक ऐकू आली पाहिजे. माझ्या पहिल्याच महिन्यात मी सिस्टरशी कुठल्याशा लग्नातल्या जेवणाबद्दल रंगात येऊन बोलत होते. मॅडम बाहेरून चालल्या होत्या. दार उघडून आत आल्या, पेशंटच्या छातीवर दोन्हीकडे स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि श्वासाची नळी किंचित बाहेर ओढली. ती जरा जास्तच आत सरकली होती. सूर पुन्हा वर चढला. मॉनिटरवरचा आकडा उतरला होता, हे मला तो परत वर चढताना दिसला तेव्हा कळलं. त्या रागावल्या नाहीत. स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बस इथं. आणि जेवणात काय काय होतं ते मला सांग, पण त्या सुराकडे कान ठेवून." मी बासुंदीपर्यंतचा सगळा मेनू सांगितला.

तरीही मी निघून जायचं ठरवलं होतं. याला कारण आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. रस्त्याकडेच्या आमच्या जागेवर आप्पांनी माझा दवाखाना मनातल्या मनात केव्हाच बांधून काढला होता. खाली तपासणी, वर ऑपरेशन, त्याच्या वर आम्ही राहायला. पाटीचा रंगसुद्धा ठरला होता. आजूबाजूच्या सगळ्या जमिनींवर कंपन्या उभ्या राहिल्या, पण ती जागा त्यांनी माझ्यासाठी दातओठ खाऊन राखली. आता त्यांना कसं सांगणार, की भूलतज्ज्ञाची पाटी लागत नाही? पेशंट पेढे घेऊन सर्जनकडे जातो. आमचा चेहरासुद्धा त्याला आठवत नाही, औषधंच तशी असतात. "ऑपरेशन शिकवाया लागले का गं?" आप्पा फोनवर विचारायचे आणि मी म्हणायचे, "ऑपरेशनमध्येच असते की दिवसभर!" शेवटी मी मॅडमना सांगून टाकलं, वर्ष झालं की पुन्हा परीक्षा देऊन दुसरी शाखा घेते. त्यांनी ऐकून घेतलं. "जा की. पण आप्पांच्या पित्ताशयातले खडे काढायचेत ना पुढच्या आठवड्यात? तेवढे निघू देत."

आप्पांना भूल मॅडमनीच दिली. घरच्या माणसाला आपण देऊ नये, म्हणून मी नुसती पायाशी उभी होते. मॅडम स्टुलावर बसल्या, कानाशी वाकल्या. "आप्पा, घरून कसे आलात?" आप्पा छताकडे बघत सांगू लागले, "थोरल्याच्या गाडीवर आलो जी. चाकणच्या अलीकडं रस्त्याला आमची जागा लागती. मोक्याची हाय. तिथं आमी मनीचा दवाखाना..." आणि झोपले. मनी म्हणजे मी. मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं. पुढचा तासभर मी एकच विचार करत होते, जागे झाल्यावर आप्पा हे वाक्य पुरं करणार, इतक्या सगळ्यांसमोर, आणि मग मला आज ना उद्या इथून जावंच लागणार.

खडे निघाले, नळी निघाली. मॅडम म्हणाल्या, "आप्पा, चाकणच्या अलीकडं तुमची जागा लागली. पुढं?" आप्पांनी डोळे उघडले, बराच विचार केला आणि म्हणाले, "पुढं काय... मोशीला ट्राफिक लागलं." सगळी ओटी हसली. मॅडम तर स्टुलावरून पडायच्या बेतात होत्या. इतकी वर्षं माझ्या मानगुटीवर बसलेला तीन मजली दवाखाना आप्पांनी मागे टाकला होता आणि ते सरळ मोशीला पोचले होते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांनी मला विचारलं, "माझ्या कानाशी कोन बोलत व्हतं गं? मला वाटलं, मी कुटंतरी लई लांब गेलोय. त्या आवाजाच्या मागं मागं आलो." मी म्हणाले, "त्या आमच्या मॅडम." "आन् तू काय शिकतीस?" "त्या करतात तेच." आप्पांनी अंगावरची चादर सारखी केली. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मग म्हणाले, "मंग त्यांच्यापाशीच ऱ्हा. जागेचं बघू काहीतरी." आज तिथे आमचं उसाच्या रसाचं दुकान आहे. शिफ्ट सुटली की पाय ठेवायला जागा नसते. पाटीचा रंग मात्र तोच, दवाखान्यासाठी ठरवलेला.

निवृत्तीनंतर मुलाने ताथवड्याला नव्या फ्लॅटमध्ये बोलावलं तरी मॅडम भोसरी सोडून गेल्या नाहीत. "तिथं फार शांत आहे, मला झोप येत नाही," म्हणायच्या. अधूनमधून रिक्षाने विभागात यायच्या, नव्या मुलांना बस नंबर विचारायच्या आणि चहा पिऊन जायच्या. त्यांच्या जलदान विधीला आप्पा माझ्याबरोबर आले होते. बुद्धवंदना चालू असताना हात जोडून शेवटच्या रांगेत बसले. निघताना मॅडमच्या मुलाला म्हणाले, "तुमच्या आईनं मला परत आनलं व्हतं, भाऊ." त्याच्या आईच्या हातून हजारो माणसं परत आली असतील, पण असं येऊन सांगणारा त्याला बहुधा हा पहिलाच भेटला. तो आप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

पण सांगण्याच्या भरात मी बालाजीला तसंच झोपलेलं सोडून आले... त्याने झोपण्यापूर्वी सांगितलं होतं, "रूमवरून चालत चौकात आलाव, शेअर रिक्षा केली. नाशिक फाट्याला उतरलाव बगा, तर बायकू मनली..." एवढ्यावर तो थांबला होता. ऑपरेशन संपलं. मी औषधं बंद केली, त्याचा श्वास परत येताना ऐकला, नळी काढली. शिंदेमामा शेजारी डोळे पुसत उभे होते. मी वाकले. "बालाजी, नाशिक फाट्याला उतरलात. पुढं?" डोक्याला भलंमोठं बँडेज, जीभ जड, तरी तो म्हणाला, "बायकू मनली, डबा रूमवरच ऱ्हायला की." मग दोघं परत गेले होते म्हणे डबा आणायला. हे सांगून त्याने अर्धवट डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कशा आलाव, मॅडम?"

हे आजवर मला कुठल्या पेशंटने विचारलं नव्हतं. त्याला रिकव्हरीत हलवलं आणि त्याच्या कानाशी बसून मी सगळं सांगितलं. चाकण, रस्त्याकडेची जागा, मोशीचं ट्रॅफिक. भोसरीची एक बाई, तिच्या वडिलांनी केलेलं हिरवं स्टूल, आणि ती बाई आज पहाटे गेली ते. संध्याकाळपर्यंत तो यातलं सगळं विसरणार हे मला माहीत होतं, म्हणून सांगता आलं. सांगता सांगता एकदाची मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर बालाजी उठून बसला होता. माझ्याकडे पाहून त्याने ओळख दाखवली नाही. सर्जनना नमस्कार केला, बायकोने त्यांच्यापुढे पेढ्यांचा पुडा धरला. मी गालातल्या गालात हसत पुढच्या कॉटकडे वळले. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, तो बायकोला विचारत होता, "अगं, आपल्या भोसरीत कुणी डॉक्टरीनबाई होत्या का? बाप लेथवर होता मनं त्यांचा. त्यानं लेकीला बसायला हिरवं स्टूल करून दिल्तं... काल मला कुणी सांगितलं की सपान पडलं, काय की."

मी परत फिरले. "स्वप्न नव्हतं ते," त्याला म्हणाले, "होत्या." मग ओटीत गेले. पहिला पेशंट टेबलावर आला होता. स्टूल माझ्या उंचीला बुटकं पडतं, गुडघे वर येतात. तशीच बसले आणि वाकून विचारलं, "घरून कशा आलात, मावशी?"